ठकूच्या वाट्याची झोप

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी मी लवकर उठलो, आंघोळ केली, देवापुढे हात जोडले, दुकानाच्या दाराला 'आज बंद' अशी पाटी लावली आणि तुझ्या वाट्याची झोप घ्यायला निघालो. मामी दारात उभी होती. म्हणाली, "इस्त्रीचा सदरा घालून झोपायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." मी म्हटलं, "भाचीच्या कॉलेजात जायचं आहे. चार लोक बघणार."

"झोपलेल्याला?"

"झोपलेल्यालाच."

तुझी चिठ्ठी आली तेव्हा वाटलं, तू चेष्टा करतेस. शिकाऊ डॉक्टरांनी आठवड्यातून एक दिवस विश्रांती घेतलीच पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, इथवर मला समजलं. पण ड्युटीमुळे विश्रांतीला वेळ मिळत नाही, म्हणून ती रक्ताच्या नातेवाइकानं घेतली तरी चालेल, हे वाचून मी चष्मा पुसला. मग तुमच्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर खरंच पाटी आहे: विश्रांती विभाग. पाटीखाली रांगही आहे. पुढे एकाची आत्या, मागे एकाचे आजोबा. आजोबा रांगेतच उभ्याउभ्या घोरत होते. लोक कौतुकानं बघत होते.

विश्रांती अधिकारी म्हणून जे गृहस्थ बसतात, त्यांचे डोळे लालभडक आहेत. मी तुझं नाव सांगितलं. ते जांभई देत म्हणाले, "सख्खे मामा?" मी म्हटलं, "सख्खे. पण साहेब, एक विचारू? झोप मी घेतली, तर तिचा थकवा कसा जाणार?"

"काका," ते म्हणाले, "काम आणि जगणं यांचा समतोल साधायचाय ना? काम मुलं करतात. जगणं नातेवाईक करतात. दोन्ही बाजू भरल्या की झाला समतोल."

मला पटलं नाही, पण त्यातली चूकही सापडेना. मोठ्या इमारतींत माझं नेहमी असंच होतं. मी पुस्तकं बांधणारा माणूस. तुमची जाडजूड पुस्तकं माझ्या हातून जातात, पण मी त्यांना पाठीवरूनच ओळखतो. आत काय आहे ते तुम्ही जाणा.

खाट चांगली होती, चादर कडक धुतलेली. देवाचं नाव घेतलं, तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि झोपलो. उठलो तेव्हा अधिकारी माझ्या उशाशी उभे. त्यांनी खाटेला टांगलेल्या पाटीवर शेरा लिहिला: 'गाढ'. ठकू, गावच्या शाळेत गुरुजींनी मला 'बरा' याच्या वर कधी शेरा दिला नव्हता. बाहेर पडताना मी जरा ताठ चालत होतो.

फोनची घंटा वाजली की तू दचकून उभी राहतेस, म्हणून पत्रच लिही असं म्हणालीस. लिहीत जाईन. तुझ्या आईला मी यातलं काही बोललेलो नाही. ताई समजते की तू मजेत आहेस. आहेस ना?

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

मी मजेत आहे. तू 'गाढ' झोपलास त्याबद्दल आभार. माझ्या नावापुढे फळ्यावर ते लिहून आलंय. आमचे मोठे सर वॉर्डात आले, त्यांनी आधी फळा बघितला, मग फळ्याकडेच बघत मला म्हणाले, "वा, ताजीतवानी दिसतेस!" आणि मला जास्तीची जबाबदारी दिली. खूश आहेत माझ्यावर.

इथं सगळं ठीक. काल मी एका भिंतीला जीभ दाखवायला सांगितलं. तिचा रंग जरा पिवळा वाटला म्हणून. भिंतीनं दाखवली नाही, तेव्हा मी दोनदा समजावून सांगितलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "बाळ, ती ऐकायची नाही." मग आम्ही दोघं हसलो. म्हणजे करमणूक आहे भरपूर.

आता नवीन पत्रक निघालंय. नुसती झोप पुरत नाही. करमणूक, छंद आणि मैत्री हेही आठवड्याला झालं पाहिजे. तू झोपायला येतोसच, तर तेवढं माझं हेही उरकशील का? मामीला राग येणार नाही ना?

ठकू


२१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

जबाबदारी वाढली हे वाचून फार बरं वाटलं. मी मामीला म्हटलं, "बघ, मी झोपलो आणि पोरगी वर चढली." मामी म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमची झोप बघतेय, कोणी वर चढलेलं दिसलं नाही."

तुझी बातमी अशी: परवा तू नाटकाला गेली होतीस. पहिला अंक तुला आवडला, दुसऱ्यात तुला डुलकी लागली. शेवटी तू टाळ्या वाजवल्यास. शनिवारी तू चित्र काढलंस. झाड काढायचं होतं, पण मला वाटतं तुझा हात अजून बसायचा आहे. ते कोबीसारखं झालं. तरी छंदवर्गाच्या बाई म्हणाल्या, उमेदवाराला रंगांची आवड दिसते. रविवारी बागेत तुझं फिरणं झालं. हवा छान होती. तू एका कुत्र्याला थोपटलंस.

एक वाईट बातमीही आहे. तुझ्याबरोबर शिकणारा तो मुलगा, लंबू म्हणतात तो, त्याच्याशी तुझं भांडण झालं. म्हणजे त्याचे आजोबा, तेच रांगेत घोरणारे, मैत्रीच्या तासाला माझ्याशी पत्ते खेळत होते. त्यांनी हुकमाचं पान मांडीखाली लपवलं. मी म्हटलं, "आजोबा, हे बरं नाही." ते म्हणाले, "मी माझ्या नातवाच्या जागी खेळतोय, त्याला इतकं चालतं." मी पानं खाली ठेवली. अधिकाऱ्यांनी दोघांच्याही नावापुढे लिहून घेतलं. तेव्हा तू आणि लंबू सध्या बोलत नाही, हे लक्षात असू दे.

एक कबूल करतो. मला हे सगळं आवडायला लागलं आहे. दुकानात खळ आणि पुठ्ठ्यात हात घालून तीस वर्षं गेली. नाटकाला मी कधी गेलो नव्हतो. तुझं आयुष्य फार छान आहे, ठकू. असंच जग.

तुझा,
मामा


३ मार्च

ती. मामास सा. न.

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. माझं आयुष्य छान चाललंय हे वाचून बरं वाटलं. कुत्रा कसा होता? पुढच्या वेळी त्याचा रंग लिही.

लंबूला आणि मला समेटासाठी बोलावलं. समुपदेशक बाई म्हणाल्या, "एकमेकांच्या डोळ्यांत बघा." मी बघितलं आणि मला तो कोण ते आठवेना. तो म्हणाला, "आपण कधी भेटलोय का?" आम्ही एकाच वॉर्डात आहोत. बाई म्हणाल्या, "दुरावा फारच आहे," आणि आणखी चार बैठका लावल्या. त्या माझ्या जेवणाच्या वेळेत आहेत. लंबूच्या आजोबांचा शेरा तर दर वेळी 'अतिगाढ' असतो, म्हणून बिचारा महिनाभर घरी गेलेला नाही.

एक गंमत सांगते. मागच्या आठवड्यात मी त्या भिंतीवाल्या आजोबांची छाती तपासत होते. स्टेथोस्कोप ठेवला, डोळे मिटले, आणि आतला आवाज इतका एकसारखा होता की मी तशीच वाकून झोपले. किती वेळ ते कळलं नाही. आजोबा हलले नाहीत. त्यांनी खोकला आवरून धरला होता. मी जागी झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं, खोकला दाबून दाबून. मला म्हणाले, "झालं का तपासून? सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "ठीक आहे." ते म्हणाले, "तुझं विचारतोय."

आहे की नाही गंमत?

मामा, एक सांगू? तू जरा कमी गाढ झोपत जा. फळ्यावर माझं नाव फार वर चाललंय. दुसरं काही नाही.

ठकू


१० मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मला गमतीचं वाटलं नाही. मामीनं वाचलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "तुम्हाला अजून कळलं नाही? तुम्ही जितके झोपता तितकं तिला राबवतात. 'जबाबदारी' म्हणजे दुसऱ्यांच्या ड्युट्या हो!"

मी खाली बसलो. तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. मामीचं बरोबर होतं. मी तिथं कडक चादरीवर पाय पसरत होतो आणि प्रत्येक घोरण्यासरशी तुझ्या अंगावर एक वॉर्ड चढत होता.

म्हणून या सोमवारी मी झोपायचं नाही असं ठरवलं. खाटेवर उठून बसलो आणि डोळे उघडे ठेवून नामस्मरण केलं. अधिकारी आले. "काका, झोप लागत नाही?" "नाही." "काही चिंता?" "आहे." "तुम्हाला की उमेदवाराला?" मी म्हटलं, "साहेब, आता त्यात फरक राहिलाय का?" त्यांना ते उत्तर नियमात बसणारं वाटलं असावं. त्यांनी मान हलवून शेरा लिहिला: 'चाळवाचाळव'. मी मनात म्हटलं, सुटली पोरगी. आता म्हणतील ही थकली आहे, हिला घरी सोडा.

सोडलं का? खरं लिही. मजेत आहे असं लिहू नकोस.

मामा


१७ मार्च

ती. मामास सा. न.

सोडलं नाही. 'चाळवाचाळव' वाचून सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुला विश्रांती नीट घेता येत नाही. शिकायला हवं." आता रोज ड्युटी संपल्यावर 'ताण कसा घालवावा' हे व्याख्यान ऐकावं लागतं. हजेरी घेतात. व्याख्याते दुसऱ्याच दिवशी बोलता बोलता टेबलावर डोकं ठेवून झोपले. आम्ही कोणी हललो नाही. सगळ्यांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे.

तेव्हा तू आपला गाढच झोप. ड्युट्या परवडल्या.

खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. आईला सांगू नकोस. मंगळवारी मी एका बाईंना इंजेक्शन द्यायला गेले. औषध बरोबर होतं, भरलेलं बरोबर होतं, माणूस चुकीचा होता. त्या बाईंना ते दिलं असतं तर त्या वाचल्या नसत्या. मी त्यांच्या दंडावर कापूससुद्धा फिरवला होता. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या, म्हणाल्या, "हात हलका आहे हो तुमचा." तेवढ्यात सिस्टरनी माझं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं.

मी नंतर जिन्यात जाऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण झोप आली. याचीच मला जास्त भीती वाटली. माणूस मरता मरता राहिलं आणि मला झोप आली, मामा.

पण परीक्षा आता महिन्यावर आली आहे. तोपर्यंत सोडू नकोस, तुझ्या पाया पडते. तू सोडलंस तर माझी विश्रांतीची बाजू रिकामी पडेल, परीक्षेला बसू देणार नाहीत, सहा महिने मागे पडेन. बाकीचे पुढे जातील. आईला काय सांगू? तेवढा एक महिना झोप. नाटकाला जाऊ नकोस हवं तर, नुसता झोप आणि कुत्र्याचा रंग

मामा, मी वॉर्डातली सिस्टर. ही लिहिता लिहिता झोपली. पेन हातातून काढून घेतलं आणि पत्र मीच पाकिटात घालते आहे. तुम्हाला ओळखत नाही, पण ही तुमच्याविषयी बोलते. त्या दिवशी हात मी धरला, हे खरं आहे. रोज मी नसते.


२० मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालानं येणार नाही. तू आतल्या खोलीत झोपली आहेस आणि मी बाहेर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. तू उठशील तेव्हा उशाशी सापडेल. काल दुपारी तुला आणलं तेव्हा तू अर्धी झोपेत होतीस. काय झालं ते तुला धड आठवणार नाही. मामी मघापासून म्हणते आहे, "उठवा तिला, दोन घास खाईल." मी म्हटलं, "भूक तिची तिला उठवेल." ताईला मी फोन करून सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग रडली, मग म्हणाली, पांघरूण नीट घाल. निघाली आहे.

सिस्टरचं वाक्य वाचल्यावर मी देवापुढे बसलो. तू पाया पडते म्हणाली होतीस. ज्या मुलीला मी खांद्यावर घेऊन फिरलो, तिनं एवढं एकच मागितलं होतं: महिनाभर झोप. आणि मला तर झोप आवडते! देव काही बोलला नाही. तो माझ्याशी कधीच बोलत नाही, आम्हा दोघांनाही त्याची सवय आहे. पण बसल्या बसल्या मला त्या बाई दिसत राहिल्या, दंड पुढे करून हसणाऱ्या. त्यांच्या घरीही कोणी मामा असेल.

काल सकाळी तिसऱ्या मजल्यावर गेलो. अधिकाऱ्यांनी खाट दाखवली. मी म्हटलं, "साहेब, आज झोपायला आलो नाही. मी सोडतोय."

"काय सोडताय?"

"भाचीचं जगणं."

त्यांनी डोळे चोळले. "मग ते कोण करणार?"

"ती करील."

"काका, तिला वेळ कुठाय?"

"तिच्या जागी मी आहे, तोवर तो मिळायचाही नाही."

त्यांनी नियमांचा जाड ग्रंथ काढला. बांधणी सैल झालेली, पानं हातात येत होती. बराच वेळ शोधून म्हणाले, "नातेवाइकानं अंग काढून घेतलं, तर आधीची सगळी विश्रांती रद्द होते."

"म्हणजे मी झोपलोच नव्हतो?"

"नियमाप्रमाणे तुम्ही फेब्रुवारीपासून जागे आहात."

"आणि नाटक?"

"बघितलं नाहीत." मग त्यांनी पुढचं पान काढलं. "जगण्याची बाजू पूर्ण रिकामी असेल, तर समतोलासाठी कामाची बाजूही रिकामी करावी लागेल. उमेदवारानं मागची सगळी विश्रांती स्वतः घेतल्याशिवाय त्याला रुग्णाला हात लावता येणार नाही. म्हणजे काका, तिची ही परीक्षा गेली. सहा महिने. विचार करा."

विचार मी करूनच आलो होतो, तरी आणखी एकदा केला. तुझे ते सगळे सोबती पुढे गेलेले दिसले, तू मागे राहिलेली दिसलीस. तू माझ्याशी बोलायची बंद झाली आहेस, असंही दिसलं. मग मी सही केली.

अधिकारी सहीकडे बघत बसले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "काका, तुम्ही लांबून कुठून माझे कोणी लागता का हो?" मी म्हटलं, "नाही, साहेब." ते म्हणाले, "बघा, आठवून बघा." बिचाऱ्यांच्या जागी झोपणारं कोणी नाही, आणि त्यांच्या वतीनं सोडणारंही नाही.

खाली वॉर्डात आलो. तू खुर्चीवर बसली होतीस, डोळे उघडे, पण कशाकडे बघत नव्हतीस. मी म्हटलं, "चल." तू विचारलंस, "कोणती खाट?" मी म्हटलं, "घरची." सिस्टरनी तुझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून स्वतःजवळ ठेवला. भिंतीजवळच्या आजोबांनी हात वर केला आणि मग, तू दूर गेल्यावर, पोटभर खोकले.

ठकू, तू नको म्हणाली होतीस आणि मी ते केलं. परीक्षा तुझी होती, सही माझी आहे. तू उठलीस की रडायचं असेल तर रड, रागवायचं असेल तर रागव, महिनाभर मामाचं तोंड बघू नकोस. पण ते सगळं तुझं तुलाच करावं लागेल. तुझ्या वाट्याचं काहीही मी यापुढे करणार नाही, असं मी तिथं लिहून दिलं आहे, आणि इथं तुलाही लिहून देतो.

तुझा,
मामा